चाळीस वर्षांचा कापूस

सकाळी ६.१५
मिरजेच्या बाजारामागची गल्ली. रिक्षावाल्याने माझी गादी दुकानाच्या पायरीवर उतरवली. भाडं साठ रुपये. ही गादी आईच्या लग्नातली, १९८४ सालची. मध्ये खड्डा पडलाय, कडेला गुठळ्या झाल्यात. घरात दोघांनी सांगितलं होतं, टाकून दे, नवी घे. मी ती उचलून इकडे आणली.

पिंजारी चाचांनी शटर वर केलं. जमिनीवर पाणी शिंपडलं, धूळ बसावी म्हणून. यंत्राला तेल घातलं. पाण्याने भरलेली बादली आणि वाळूचा डबा दाराशी आणून ठेवला. रोज ठेवतात. मग गादीवर तळहात दाबून म्हणाले, "ताई, ही आमच्या अब्बांनी भरलेली. टाके बघा ना, हात कळतो."

७.००
ब्लेडने टाके कापायचं काम. चाचा एका बाजूने, हाताखालचा मुलगा दुसऱ्या बाजूने. त्याची रोजची हजेरी पाचशे रुपये. खोळ निघाली, विरून गेलेली. कापूस काट्यावर ठेवला. दहा किलो.

आता निवडणं. पसाभर कापूस घ्यायचा, बोटांनी फाकवायचा, बाजूला ठेवायचा. तासभर हेच. त्यातून एक सेफ्टी पिन निघाली, केसांचा आकडा निघाला, चार आण्याचं नाणं निघालं, बांगडीचा तुकडा निघाला. नाणं चाचांनी माझ्या हातात ठेवलं. पिन डब्यात टाकली. तो डबा अर्धा भरलाय.

लोखंडाचा एवढासा तुकडा यंत्राच्या दात्यांवर आपटला तरी ठिणगी पडते. कापूस पेटायला वेळ लागत नाही. एकदा गिऱ्हाइकाच्या दोन गाद्या तशा गेल्या. पैसे चाचांनी खिशातून भरून दिले. निवडायची वेगळी मजुरी कुणी देत नाही, ती पिंजाईतच धरलेली असते.

८.१०
तोंडाला फडकं बांधलं. बाह्या कोपरापर्यंत वर. मोटर सुरू झाली आणि बोलणं थांबलं.

आत लोखंडी दात्यांचा रूळ गरगर फिरतो. या तोंडातून गुठळी आत जाते, त्या तोंडातून धुकं बाहेर पडतं. खरंच धुकं. चपटा, पिवळट, घामाने दगड झालेला कापूस उडून भिंतीला जाऊन टेकतो आणि गुडघ्याएवढा ढीग होतो. चाचा कापूस काठीने पुढे ढकलतात, हात दात्यांपासून वीतभर लांब. कापूस दोनदा यंत्रातून काढला. पन्नास मिनिटं लागली.

मोटर बंद झाली तेव्हा चाचांच्या भुवया पांढऱ्या होत्या. खोकला आला. बराच वेळ आला. ही धूळ छातीत बसते. पिंजाऱ्याच्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं. पोराने पाण्याचा तांब्या पुढे केला.

परत वजन. नऊ किलो तीनशे. सातशे ग्रॅम माती आणि भुगा यंत्राखाली पडला होता. चाळीस वर्षं आम्ही त्यावर झोपत होतो.

९.४५
चहा. दोन कप, वीस रुपये. भिंतीवर खुंटीला अब्बांचं पिंजण टांगलंय. माणसाएवढं लाकूड, त्याला ताणलेली तात, आणि तातीवर मारायचा लाकडी ठोकळा. चाचांनी तातीला बोट लावलं. खोल, घुमणारा आवाज आला. सतारी-तंबोऱ्यांच्या या गावात तो परका वाटत नाही. लहानपणी हा आवाज गल्लीत आला की आई माळ्यावरच्या उशा काढायची.

१०.३०
एक नवरा-बायको आली. नवं घर, नवऱ्याची पाठ दुखते. डॉक्टरांनी फार मऊ नको म्हटलंय. दुकानांत फोमच्या गाद्या बघून झाल्या, काथ्याची बघून झाली. तिला कापसाची हवीय, पण भरवसा वाटत नाही.

चाचांनी विकायची घाई केली नाही. तीन बुट्ट्या पुढे ओढल्या. पहिलीत लांब धाग्याची रुई, दोनशे वीस रुपये किलो. दुसरीत गिरणीतला वाया गेलेला कापूस, स्वस्त, पण धागा तोकडा, वर्षभरात गुठळ्या. तिसरीत रंगीत केसाळ काहीतरी. "ह्या चिंध्या. कपडे फाडून केलेल्या. रस्त्यावर स्वस्त गादी मिळते ना, त्यात हे असतं. खोळ शिवून झाल्यावर तुम्हाला दिसणार नाही. म्हणून आधी बघा."

त्यांनी पहिल्या बुट्टीतली चिमूट बाहेर पायरीवर नेऊन काडी लावली. कागदासारखी जळली, कागदासारखाच वास, बोटाने चोळली तर मऊ राख. मग तिसरीतली. ती आक्रसली, वितळली, गार झाल्यावर कडक काळा मणी उरला. बाईंनी तो मणी नखाने दाबून बघितला.

"सावरीचा कापूस?" तिने विचारलं.
"उशीला चांगला, हलका. गादीला नको. त्याचा भुगा होतो, परत पिंजता येत नाही."

"आणि काथ्या?"
"वाईट नाही. नारळाचाच धागा, रबराच्या चिकाने धरलेला. हवा खेळते, कडक राहते. पण एकदा बसली की बसली. माझ्याकडे आणली तर मी काय करू?"

चाचांनी स्वतःच्या मालाचा दोषही सांगितला. कापसाची गादी जड असते. ऊन दाखवावं लागतं, उलटावी लागते. पाच-सहा वर्षांनी पिंजून घ्यावी लागते. पहिल्या महिन्यात दोन बोटं बसते, म्हणून ती गच्चच भरायची. पाठीला ती गच्च बरी. ज्याला हे करायला वेळ नाही त्याने घेऊ नये.

नवरा-बायकोने दोन सिंगल गाद्या सांगितल्या. डबल कशाला, उचलणार कोण, हे चाचांचंच म्हणणं. आगाऊ हजार रुपये दिले.

१२.४०
चाचींनी माझी खोळ शिवून आणली. घट्ट विणीचं पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड, साडेचार मीटर, एकशेदहा रुपये मीटर. कापड उजेडात धरायचं. विणीतून उजेड ठिपक्यांनी दिसला तर कापूस बाहेर येणार. यातून नाही दिसला. जेवण, नमाज. दुकान तासभर शांत.

२.१५
जुन्या कापसात दोन किलो नवी रुई पिंजून मिसळली. भरताना आधी चार कोपरे. चाचा खांद्यापर्यंत हात आत घालून मुठीने कोपरा ठासतात. कोपरा रिकामा राहिला तर गादी तिथून पळते, म्हणाले. मग थर, मग पुन्हा थर. तोंड शिवलं. काठीने सगळीकडून झोडपली. गादी हातभर फुगली होती, हळूहळू सपाट झाली.

३.३०
टाके. चाचा गादीवरच बसतात. गुडघ्याने दाबतात, दाभण खाली जाते, तिरकी होते, बोटभर अंतरावर वर येते. दुहेरी दोरा. ओढ, गाठ, पुन्हा ओढ. आडवे पाच, उभे दहा. खडूची खूण नाही, वीत लावून अंदाज. मी मोजत होते. एका टाक्याला दीड मिनिट. त्यांच्या उजव्या तर्जनीला दोऱ्याची खाच पडलीय, हाडापर्यंत गेल्यासारखी खोल. अब्बांच्या बोटालाही तशीच होती, म्हणाले.

हे पन्नास टाके म्हणजे गादी. कापूस कितीही चांगला असो, टाके सैल पडले की तो वर्षभरात पायथ्याला गोळा होतो. दुकानात गादी बघायला गेलात तर आधी टाका ओढून बघा.

५.२०
हिशोब वहीच्या पाठकोऱ्या कागदावर. कापड चारशे पंचाण्णव. नवी रुई चारशे चाळीस. बारा किलो पिंजाई, तीस रुपयांनी, तीनशे साठ. भराई आणि टाके चारशे. एकूण सोळाशे पंच्याण्णव. मी सतराशे दिले. पाच रुपये त्यांनी मोजून परत केले.

या पैशांतून पोराची हजेरी जाईल, वीज जाईल, दुकानभाडं जाईल. त्यांचा मुलगा कोल्हापुरात कुरिअरच्या गाडीवर आहे. दाभण त्याच्या हातात कधी दिलीच नाही.

६.१०
रिक्षा आली. चाचांनी आणि पोराने गादी गुंडाळून सुतळीने बांधली. "तीन दिवस कडक ऊन द्या, मग झोपा. आणि पाच वर्षांनी घेऊन या."

गादीचं वजन आता, खोळीसकट, बारा किलो. त्यातला नऊ किलो कापूस १९८४ सालचाच आहे.