भूकवचातील सोने

पृथ्वीचे बाह्य कवच खडकांचे बनलेले असून खडक हे खनिजांचे समुच्चय होत. सामान्य खडकाच्या १,००० टनांत सोने जेमतेम काही ग्रॅम असते. इतके विरळ सोने वेगळे काढणे परवडत नाही. परंतु कर्नाटकातील कोलार येथे, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, खोलवरून आलेल्या उष्ण द्रावणांनी खडकांच्या भेगांत गारगोटीबरोबर सोने साठविले. तेथे १८८० साली आधुनिक पद्धतीचे खाणकाम सुरू झाले. खाणी तीन किलोमीटरांहूनही खोल गेल्या. पुढे सोन्याचे प्रमाण घटले, खर्च वाढला आणि २००१ मध्ये त्या बंद पडल्या. कापलेले पीक पुन्हा पेरता येते. उपसलेला खनिजसाठा मात्र मानवी कालमानात पुन्हा भरून येत नाही. म्हणून त्याचा विनियोग काटकसरीनेच व्हावयास हवा.