चौकट ऐकते, ओळखतो तो माणूस

मॉलच्या किंवा मोठ्या स्टेशनाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीत हवेशिवाय काहीच दिसत नाही. पण ती चालू असेल, तर त्या मोकळ्या जागेत दर सेकंदाला शेकडो वेळा चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि कोसळतं. आपण त्यातून चालत जातो. ते आपल्या कातडीतून, रक्तातून, हाडांतून आरपार निघून जातं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. खिशातल्या किल्लीला मात्र लागतो.

चौकटीच्या दोन्ही खांबांत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून विजेचा एक झटका सोडला जातो आणि लगेच तोडला जातो. वीज तुटली की चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि जवळ धातू असेल तर त्या कोसळण्यानेच धातूच्या अंगात विजेचे छोटे छोटे भोवरे फिरू लागतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज उपजते, हे मायकेल फॅरडेने 1831 मध्ये दाखवून दिलं होतं. हे भोवरे आपलं स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. पितळी तांब्यावर टिचकी मारून बोट काढलं तरी नाद घुमत राहतो, मडक्यावर मारली तर 'थप्' होऊन संपतो. तसा धातू त्या झटक्यानंतरही क्षणभर घुमत राहतो. हा क्षण किती लहान? सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या मोजक्या भागांपुरता. तेवढ्यात वेटोळं तो नाद टिपतं आणि खांबावरचा दिवा लागतो. चांगल्या चौकटीत वेटोळी उंचीप्रमाणे विभागलेली असतात, म्हणून धातू घोट्याशी आहे, कमरेशी आहे की खांद्याशी, हेही कळतं.

यासाठी धातू चुंबकाला चिकटणारा असायची गरज नाही. सोनं, तांबं, ॲल्युमिनियम यांना चुंबक लावून पाहा, काही होत नाही; पण चौकटीला ती सगळी ऐकू येतात, कारण वीज वाहून नेण्याचा गुण त्यांच्यात भरपूर आहे. उलट, गुडघेबदलात वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियममधून वीज त्या मानाने कमी वाहते, म्हणून त्याचा नादही क्षीण.

या तंत्राचा एक गाजलेला वापर झाला तो एका गोळीच्या शोधात. 2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ती अंगातच राहिली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल दोन वेटोळी आणि कानाला लावायचा टेलिफोन घेऊन त्यांच्या खाटेजवळ पोहोचले. शिशाची गोळी जवळ आली की टेलिफोनमध्ये गुणगुण ऐकू यायची. पण खाटेच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी सूर बिघडवला. शिवाय डॉक्टरांची खात्री होती की गोळी उजवीकडेच आहे, म्हणून बेलना तेवढीच बाजू तपासू दिली. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे सापडली. यंत्र ऐकत होतं. ते कुठे धरायचं हे माणसांनी ठरवलं होतं, आणि तिथेच चुकलं.

आज चौकटीसमोर उभं राहताना हीच गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. चौकटीला हत्यार कळत नाही. तिला फक्त धातूचा नाद कळतो. तो जेवणाच्या डब्याचा, मोबाइलचा, पट्ट्याच्या बकलाचा की पिस्तुलाचा, हे तिच्यामागे बसलेला माणूस ठरवतो.

या चौकटी आपल्याकडे दारोदारी दिसू लागल्या त्या एका रात्रीनंतर. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दोन दहशतवादी पिशव्यांत एके-47 रायफली आणि हातबॉम्ब घेऊन मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये शिरले आणि गाडीची वाट बघत बसलेल्या माणसांवर गोळ्या झाडू लागले. एकट्या त्या स्टेशनात 50 हून अधिक जीव गेले, मुंबईभर 166. उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून न हलता, लोकांनी कुठून बाहेर पडावं हे माइकवरून सांगत राहिले. गिरगाव चौपाटीवरच्या नाकाबंदीत सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी रायफलची नळी हातांनी धरून ठेवली, अंगावर गोळ्या घेतल्या, आणि म्हणून त्या दोघांपैकी एक, कसाब, जिवंत हाती लागला.

त्यानंतर महाराष्ट्र हादरला, रडला आणि संतापला. 3 डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियापाशी हजारोंच्या संख्येने लोक जमले, हातात मेणबत्त्या आणि फलक घेऊन. मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांना पद सोडावं लागलं. राज्याने 'फोर्स वन' हे कमांडो पथक उभारलं. आणि सामान्य माणसाची मागणी सगळ्यात सरळ होती: दारात तपासा. हॉटेलं, मॉल, थिएटरं, देवळं, जिकडे तिकडे चौकटी दिसू लागल्या. ती मागणी रास्तच होती. आपल्या माणसांना परत असं मारलं जाऊ नये, असं वाटणाऱ्या समाजाने दुसरं काय मागायचं?

पण चौकटीचं गणित मोठं विलक्षण आहे. समजा, एका दारातून लाखभर माणसं जातात आणि त्यांत एकाच्याच अंगावर हत्यार आहे. चौकट शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर सांगते असंही धरू. तरीही ती सुमारे हजार निरपराध माणसांवर वाजेल, आणि त्यांच्या गर्दीत खरा एकच. पहारेकऱ्याने प्रत्येकाला थांबवायचं तर रांग रस्त्यावर जाईल. न थांबवायचं, तर वाजण्याला अर्थ उरत नाही. प्रत्यक्षात तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो, म्हणजे चौकट अखंड वाजतच राहते. विमानतळावर हे जमतं, कारण तिथे मोबाइल, पट्टा, पाकीट आधी ट्रेमध्ये काढून ठेवायला लावतात. सगळा खोटा नाद बाजूला काढला की उरलेल्या नादाकडे लक्ष देणं माणसाला शक्य होतं.

धुळे जिल्ह्यातल्या आम्हा शिरपूरकरांना लपवलेलं हत्यार ही काही दूरची गोष्ट नाही. आग्रा-मुंबई महामार्ग बिजासन घाट उतरून पळासनेर, सांगवीमार्गे गावाकडे येतो. पूर्वेला अनेर नदीकाठी, राज्याच्या सीमेवर, उमर्टीचा भाग आहे. तिथे चोरून बनणारे गावठी कट्टे खानदेशात आणि पुढे पुण्या-मुंबईकडे निघतात. ते कसे पकडले जातात, हे इथला पेपर वाचणाऱ्याला पाठ आहे: गोपनीय माहिती मिळाली, सापळा रचला, अंगझडती घेतली, कमरेला खोचलेला कट्टा आणि जिवंत काडतुसं मिळाली. कट्ट्याची नळी लोखंडाची, चौकटीला ती सहज ऐकू आली असती. पण महामार्गावरच्या हजारो वाहनांतून नेमकं कुठलं थांबवायचं, हे कुणीतरी आधी सांगावं लागतं. त्या एका माहितीने लाखाचे दहा होतात, आणि मग झडतीला अर्थ येतो.

यंत्रं आता फार पुढे गेली आहेत. सामानाच्या एक्स-रे पडद्यावर धातू निळा दिसतो, तर कापड, पोळी, साखर आणि स्फोटकंही नारिंगी. दोन वेगवेगळ्या ताकदीच्या किरणांची तुलना करून हे रंग दिले जातात. अंग तपासणारी नवी यंत्रं मिलिमीटर लहरी वापरतात. त्या कपड्यातून आरपार जातात, पण पाणी असलेल्या कातडीवरून परततात. मध्ये काही बांधलेलं असेल तर ते धातूचं नसलं तरी दिसतं. अशा आखूड लहरी, अवघ्या 5 मिलिमीटरच्या, जगदीशचंद्र बोस यांनी 1890 च्या दशकात कोलकात्यात स्वतः बनवलेल्या उपकरणांनी निर्माण केल्या होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वीचं ते कुतूहल आज आपल्या रक्षणाला उभं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी एक मर्यादा कुठलंच यंत्र ओलांडत नाही. ते लपवणाऱ्याला पकडतं. ज्याने लपवणं सोडून बंदूक बाहेर काढली, त्याच्यापुढे चौकट म्हणजे नुसते दोन खांब. तिथून पुढे झेंडे लागतात, ओंबळे लागतात.

म्हणून उद्या शिरपूरच्या यात्रेत, बसस्थानकावर किंवा दवाखान्यात चौकट बसली, तर आपण नागरिकांनी चार गोष्टी विचाराव्यात. ती वाजल्यावर थांबवणारा माणूस पाळीप्रमाणे बदलतो का, की एकच जण दिवसभर ताटकळतो? मोबाइल-किल्ल्या ठेवायला ट्रे आहेत का? बायकांची तपासणी आडोशाला, बाईच करते का? आणि खरंच काही सापडलं, तर पुढच्या मिनिटाला कुणाला हाक मारायची, हे ठरलेलं आहे का? खांब आणायला पैसे लागतात. या चार प्रश्नांची उत्तरं तयार ठेवायला रोजची शिस्त लागते, आणि गेलेल्या 166 जणांसाठी आपण मागायला हवी ती हीच.