ओप चढेपर्यंत

सकाळी साडेसात. कसबा पेठेतल्या माझ्या खोलीत पहिलं काम चिंचेच्या बादलीचं. तांबं लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात विझवलं की मऊ पडतं, हवं तसं वळतं. पण अंगावर काळी खपली धरतं. काल संध्याकाळी तापवलेल्या पट्ट्या रात्रभर चिंच-मिठाच्या पाण्यात होत्या. बाहेर काढून धुतल्या की फिकट गुलाबी, अगदी निस्तेज दिसतात. नवखा माणूस म्हणेल, माल बिघडला. पण ओप चढायचा तो याच उघड्या तांब्यावर. बादलीतलं पाणी आता हिरवट झालंय, त्यात तांबं उतरलंय. म्हणून ही बादली आणि तिच्यातला डाव स्वयंपाकघरात कधीच जात नाही.

साडेआठपर्यंत पट्ट्यांची कडी वळून होतात. तोवर तांबट आळीतले ठोके सुरू झालेले असतात. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. पुण्यातल्या किती घरांतले बंब, हंडे आणि घंगाळी इथे घडली असतील. मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, बघावी तर तिथे. माझ्या निम्म्या कड्यांना मठार असतो आणि त्यांना मी पॉलिश पेपर लावतच नाही. त्यांची चकाकी हातोडीच्या तोंडातून येते. हातोडीवर केसाएवढा ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्याबरोबर कड्यावर छापला जातो. म्हणून आधी हातोडी घासून आरशासारखी करायची, मग ठोकायला बसायचं. ठोक्यांनी तांबं कडकही होतं. घालता-काढता कडं फाकत नाही.

साध्या कड्यांना ही सवलत नाही. नऊ ते एक त्यांचेच. कानशीनं कडा मारून घेतल्या की ४०० नंबरचा वॉटर पेपर लाकडी पट्टीला गुंडाळायचा, पाण्यात बुडवायचा आणि कड्याच्या लांबीत घासत राहायचं. पाण्यामुळे धूळ उडत नाही, नुसता तांबूस गाळ ओघळतो. मग ६०० चा पेपर, पण आता आडवा. आडव्या रेघांखाली आधीची उभी रेघ उरली की ती लगेच डोळ्यांत भरते, आणि ती जाईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. ८०० उभा, १२०० पुन्हा आडवा. आतल्या बाजूला बोट नीट पोचत नाही, तिथे जुन्या लाटण्याच्या तुकड्याला पेपर गुंडाळते. गिऱ्हाईक आतून बघत नाही, हे खरं. मनगट मात्र दिवसभर आतूनच घासतं.

सगळा खेळ या चार तासांचा आहे. मशीनचा बफ हेच काम मिनिटांत करतो, आणि मोठ्या ऑर्डरीला लोक तोच वापरतात. पण बफ कडा गोल करतो, कोरीव रेघ बुजवून टाकतो; शेवटी दहा दुकानांतली कडी एकाच साच्यातली दिसतात. माझा त्याला विरोध नाही, फक्त माझी गिऱ्हाइकं त्यासाठी माझ्याकडे येत नाहीत.

जेवण, आणि हात रिठ्यानं धुणं. तांब्याचा वास तरी जात नाहीच.

अडीचला ओपणी निघते. अकीक दगडाचं गुळगुळीत टोक, लाकडी मुठीत बसवलेलं. रिठ्याच्या पाण्यात भिजवून ते कड्यावर दाबून फिरवायचं. इथे काही खरवडायचं नसतं. पेपरनं ठेवलेले बारीक उंचवटे दाबून बसवायचे असतात. पहिल्या काही ओढी रुक्ष लागतात, मग हाताला कळतं की टोक आता घसरायला लागलं. त्या पट्ट्यात गुलाबीपणा जाऊन नारिंगी झाक येते. लोकांना वाटतं अजून घासावं, पार आरसा करावा. मी त्याच्या अलीकडेच थांबते. तांब्याचा आरसा दोन दिवस मिरवतो, आणि पहिला घामाचा ठसा त्यावर डाग होऊन बसतो. जरा मऊ ठेवलेला ओप जुना होताना शोभतो.

चारला धुणं आणि वाळवणं. सुताराकडून आणलेला कोरडा भुसा पातेल्यात कोमट करायचा, त्यात कडी घोळवायची. कोपऱ्यातलं पाणीही भुसा शोषून घेतो. यापुढे उघडं बोट लावायचं नाही. आज लागलेला बोटाचा ठसा उद्या सकाळी तपकिरी होऊन वर येतो, रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. सुती फडक्यात धरून, कडं कोमट असतानाच मधमाशीच्या मेणाचा पातळ हात. लॅकर मी मारत नाही. तो एका जागी निघाला की तेवढंच काळं पडतं आणि मग सगळा खरवडून काढावा लागतो.

पाचनंतर गिऱ्हाइकं. आज एक काकू आल्या.

“हे घातलं की सांधे दुखायचे थांबतील ना गं?”

“नाही हो काकू. छान दिसेल, एवढंच सांगते.”

ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या रुग्णांना तांब्याची कडी घालायला देऊन रीतसर तपासलं होतं. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आला : दुखण्यावर, सुजेवर त्याचा खरा उपयोग दिसला नाही. काकूंनी तरी कडं घेतलं, मठाराचं. मनगट हिरवं होतं त्याचीही भीती नको. घाम आणि तांबं मिळून तो रंग येतो, साबणानं जातो.

साडेसहाला दिवा घालवायच्या आधी उद्याच्या पट्ट्या चिंचेत.

तुमच्याकडचं कडं काळवंडलं तर भांड्यांची पावडर लावू नका, ओरखडे पडतात. लिंबू-मीठ बोटानं फिरवा, मिनिटभरात धुवा, पुसून पूर्ण कोरडं करा. मोती किंवा पोवळं बसवलेलं असेल तर लिंबूही नको, आम्ल त्यांना खातं. तो दागिना कारागिराकडेच न्या.