कुरळे केस आणि कपाळावरची फ्रिंज : कात्री लावण्यापूर्वी

‘अमरकोश’ या प्राचीन संस्कृत शब्दकोशात कुरळ्या बटांना ‘अलक’ म्हटले आहे. त्याच बटा कपाळावर रुळू लागल्या की त्यांना ‘भ्रमरक’ असे वेगळे नाव दिले आहे. भ्रमर म्हणजे भुंगा, आणि नावामागची कल्पना तेवढ्यावरूनच ध्यानात येते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही स्त्रियांच्या कपाळांवर अशा बारीक, वळणदार बटा ओघळलेल्या दिसतात. म्हणजे कुरळ्या केसांची झुलपे कपाळावर खेळवणे आपल्याकडे जुनेच आहे. फ्रिंज म्हणजे भुवयांवर पट्टी ठेवून कापल्यासारखी सरळ, सपाट झालर, ही समजूत मात्र अलीकडची.

ती रुजवण्यात चित्रपटांचा वाटा मोठा आहे. १९६० साली ‘लव्ह इन शिमला’ प्रदर्शित झाला. अभिनेत्री साधना यांचे रुंद कपाळ झाकण्यासाठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नची केशरचना नमुना म्हणून निवडली आणि ‘साधना कट’ घराघरांत पोहोचला. सरळ केसांना ती रचना शोभून दिसते. कुरळ्या केसांच्या मुलीने मात्र तोच नमुना डोळ्यांपुढे ठेवला की तिच्यापुढे दोनच वाटा उरतात : रोज सकाळी तापलेल्या यंत्राने बटा दाबून सरळ करणे, किंवा ‘आपल्याला हे शोभणारच नाही’ असे मानून तो विषय सोडून देणे.

या दोन्ही वाटा टाळता येतात. त्यासाठी एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी लागते. फ्रिंज कुरळीच ठेवण्याची तयारी असेल, तरच ती कापावी. एवढे ठरले की पुढील प्रश्नांची उत्तरे तुम्हाला आरशासमोर बसून स्वतःच शोधता येतील.

बट किती आखडते?

सरळ केसाचा आडवा छेद साधारण गोल असतो, तर कुरळ्या केसाचा लंबगोल. त्वचेखाली केस ज्या कूपातून उगवतो, तो कूपच कुरळ्या केसांत वळलेला असतो. त्यामुळे केस वेटोळे घेत वाढतो आणि आपल्या खऱ्या लांबीपेक्षा आखूड दिसतो. केस ओला असताना त्याच्या वजनाने हे वेटोळे सैल होते आणि वाळताच पुन्हा वर चढते. ओल्या केसांवर भुवयांच्या रेषेत कापलेली फ्रिंज वाळल्यावर कपाळाच्या मध्यावर जाऊन बसते, ती यामुळेच.

तुमची बट किती आखडते, हे मोजणे सोपे आहे. केस धुऊन, विंचरता न पुसता, आपोआप वाळू द्या. कपाळाच्या मध्यावरची एक बट घेऊन ती सैल असताना केशरेषेपासून टोकापर्यंत किती भरते, ते मोजा. मग तीच बट हलकेच ताणून पुन्हा मोजा. समजा, ताणल्यावर १२ सेंटिमीटर भरणारी बट सैल असताना ८ सेंटिमीटर दिसते, म्हणजे ती एक तृतीयांश आखडते. केशरेषेपासून भुवईपर्यंतचे अंतर ६ सेंटिमीटर असेल, तर अशी बट भुवईवर विसावण्यासाठी तिची ताणलेली लांबी ९ सेंटिमीटर असायला हवी. बट निम्म्याने आखडत असेल, तर १२ सेंटिमीटर. पहिल्या वेळी यात आणखी दोन-तीन सेंटिमीटरांची भर घालावी.

हीच मोजणी दोन्ही कानशिलांजवळही करा. एकाच डोक्यावर कपाळापाशी सैल लाट आणि मागे घट्ट वेटोळी, असे पुष्कळदा आढळते. केशरेषेवर भोवरा असेल, तर तेथील केस एका बाजूला उभे राहतात. अशा वेळी मधोमध फ्रिंज ठेवण्यापेक्षा भोवऱ्याच्या दिशेने झुकणाऱ्या, गालापर्यंतच्या बटा अधिक सोयीच्या ठरतात.

चेहरा गोल की लांबट, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. पण त्याचे महत्त्व त्या मानाने कमी आहे. त्याविषयीचे बहुतेक ठोकताळे सरळ केस गृहीत धरून केलेले असतात. कुरळी बट जेथे संपते तेथे रुंदी वाढवते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. गाल भरलेले असतील तर बटा गालाच्या हाडाखाली संपवाव्यात. चेहरा लांबट असेल तर त्या भुवयांच्या आसपास संपलेल्या बऱ्या.

कपाळाच्या त्वचेला विचारा

कुरळे केस बहुधा कोरडे असतात, कारण टाळूवरचे नैसर्गिक तेल वळणावळणांवरून टोकापर्यंत सहज उतरत नाही. म्हणून अशा केसांना तेल, क्रीम किंवा जेल लावावे लागते. तेच केस कपाळावर आले की ते तेल त्वचेवर उतरते आणि तिची छिद्रे बुजवते. केसांच्या प्रसाधनांमुळे कपाळावर येणाऱ्या बारीक पुटकुळ्यांना त्वचाविज्ञानात ‘पोमेड अ‍ॅक्ने’ असे स्वतंत्र नाव आहे. तुमच्या किंवा तुमच्या मुलीच्या कपाळावर सध्याच पुटकुळ्या असतील, अथवा भुवयांत आणि केशरेषेवर कोंड्याचे पापुद्रे सुटत असतील, तर आधी त्यावर उपचार घ्या. पुटकुळ्या झाकण्यासाठी कापलेली फ्रिंज त्या वाढवण्याचीच शक्यता अधिक.

त्वचा निरोगी असेल, तर एक साधा नियम पुरेसा आहे : केशरेषेपासून दोन बोटे अंतर सोडून तेल लावावे आणि फ्रिंजवर जड क्रीमऐवजी पाण्यात विरघळणारे हलके जेल वापरावे.

पुढचे केस विरळ झाले असतील तर

हा मुद्दा सौंदर्यापेक्षा आरोग्याचा आहे. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी, तसेच डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविडसारख्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मोठ्या प्रमाणावर गळू लागतात. ही गळती बहुधा तात्पुरती असते. त्यानंतर केशरेषेवर जी आखूड, कुरळी लव उभी राहते, ती नव्या वाढीची खूण होय. ती झाकण्यासाठी घाईने फ्रिंज कापू नका. सहा महिने थांबलात तर चित्र पालटलेले दिसेल.

वर्षानुवर्षे केस घट्ट ओढून वेणी किंवा अंबाडा घातल्यानेही कानशिलांजवळचे केस मागे हटतात. ओढ वेळीच थांबवली तर ते परत येतात. ती चालूच राहिली तर केशमुळे कायमची निकामी होऊ शकतात. भांग रुंदावत असेल, मासिक पाळी अनियमित असेल, थकवा जाणवत असेल, तर लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार किंवा संप्रेरकांचा असमतोल यांची तपासणी करून घ्यावी. अशा वेळी फ्रिंजसाठी माथ्यावरचे केस पुढे घेतले की माथा अधिकच उघडा दिसतो आणि दुखणेही झाकले जाते.

हवा, हेल्मेट आणि सकाळची घाई

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याचा आकार टिकवणाऱ्या बंधांपैकी काही पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. हवेत बाष्प जास्त असले की हे सुटणे-जुळणे दिवसभर चालू राहते आणि केस पिंजारतात. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर असते. तेथे फ्रिंज सकाळी एक आणि संध्याकाळी एक, अशी दोन रूपे घेईल. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ती कमी फुगेल. पण कपाळाच्या घामाने चिकटेल. दुचाकीवरून रोज हेल्मेट घालून जाणाऱ्यांची फ्रिंज दाबली जाणारच. कार्यालयात पोहोचल्यावर ओल्या बोटांनी ती सावरण्याची दोन मिनिटांची सवय जडणार असेल, तर काळजीचे कारण नाही.

रोज सकाळी स्ट्रेटनरचा आधार घ्यावा लागेल असे वाटत असेल, तर मात्र कात्री खाली ठेवा. ही यंत्रे सामान्यतः १८० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. केस किंचितही ओला असेल तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात पोकळ बुडबुडे तयार होतात आणि तो तेथेच तुटतो. शिवाय आखूड केस सरळ करताना कपाळ भाजण्याचा धोका असतोच. केवळ फ्रिंजपुरते रासायनिक स्ट्रेटनिंग करून घेण्याचा सल्लाही स्वीकारू नये. मुळापासून येणारे नवे केस कुरळेच असतात, त्यामुळे दोन महिन्यांत सरळ आणि कुरळ्याची सीमा स्पष्ट दिसू लागते. अशा काही प्रसाधनांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो, आणि त्याची गणना मानवी कर्करोगाला कारण ठरणाऱ्या द्रव्यांत होते. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या प्रसाधनांच्या वापरानंतर मूत्रपिंडांना इजा झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. कपाळावरच्या चार बटांसाठी एवढी जोखीम पत्करण्याचे कारण नाही.

आठ दिवसांची चाचणी

कापण्याआधी फ्रिंज वापरून पाहता येते. केस उंच बांधून त्यांची टोके कपाळावर आणा आणि चिमट्यांनी पक्की करा. सुटीच्या दिवसापासून सुरुवात करून शक्य तेवढ्या वेळा, आठ दिवस, हे करून पाहा. धुतल्याच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरात गॅससमोर, चष्मा लावून वाचताना आणि घाम आल्यावर केस कसे वागतात, ते पाहा. दिवसातून किती वेळा हात आपोआप कपाळाकडे जातो, ते वहीत टिपून ठेवा. आठवड्याच्या शेवटी ही नोंद आरशापेक्षा खरे बोलेल.

कात्री कशी लावावी?

कुरळे केस कोरडे असताना, त्यांच्या नैसर्गिक रूपात कापावेत, हा विचार लॉरेन मॅसी या केशरचनाकाराच्या ‘कर्ली गर्ल’ या पुस्तकामुळे जगभर पोहोचला. निदान फ्रिंजच्या बाबतीत तो पाळणे हिताचे आहे. पार्लरमध्ये जाताना केस धुऊन, वाळवून, न विंचरता जा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा : केस कोरडेच कापावेत, एकेक बट सुटी धरून, न ताणता कापावी, केस विरळ करणारी दातेरी कात्री किंवा वस्तरा वापरू नये, कारण त्यामुळे बटेची घडण मोडून ती पिंजारते. ज्यांना कुरळ्या केसांची सवय नाही, ते या सूचना ऐकून लगेच नापसंती दर्शवतात. तसे झाल्यास शांतपणे उठून या.

पहिल्या खेपेस गालाच्या हाडापर्यंतच कापून घ्या आणि आठवडाभर थांबा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, आणि कुरळ्या केसांत ती वाढ त्याहून कमी दिसते. भुवईपर्यंत कापलेली फ्रिंज कानामागे जाण्यास सहा-आठ महिने, तर हनुवटीपर्यंत येण्यास वर्ष-दीड वर्ष लागू शकते. लांब राहिलेली बट दुसऱ्या दिवशीही आखूड करता येते. आखूड झालेल्या बटेची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो.

नंतरची निगा थोडकीच आहे. सकाळी पाण्याचा हलका फवारा, थेंबभर जेल, बटा बोटांभोवती गुंडाळून सोडणे, आणि वाळेपर्यंत त्यांना हात न लावणे. घामाने चिकट झालेली फ्रिंज तेवढीच बेसिनवर धुता येते. संपूर्ण डोके रोज धुण्याची गरज नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी टोके सारखी करावीत.

मुलगी मागत असेल तर

किशोरवयीन मुलगी फ्रिंजचा हट्ट धरते, तेव्हा पालकांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी तिला ती कशासाठी हवी आहे, हे विचारावे. हौस म्हणून हवी असेल, तर वरील चाचणी तिच्यासोबत करा; तिच्या हातात मोजपट्टी द्या. वर्गात कोणी कपाळावरून चिडवते, पुटकुळ्यांची लाज वाटते किंवा ‘नूडल्स’ म्हणून हाक मारली जाते, असे उत्तर आले, तर आधी त्या दुखऱ्या गोष्टीविषयी बोलायला हवे. घरातले शेरेही तपासून पाहावेत. ‘हे जंजाळ आवर आधी’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. पण कुरळ्या केसांची मुलगी ते वर्षानुवर्षे ऐकत असते. लाजेपोटी कापलेले केस लाज घालवत नाहीत.

निर्णय

बटेची लांबी मोजली आहे, त्वचा व केशरेषा निरोगी आहे, आठ दिवसांची चाचणी सुखाने पार पडली आहे आणि बटा कुरळ्याच ठेवायच्या हे ठरले आहे : असे असेल तर निश्चिंत मनाने फ्रिंज कापा. यांतील एखादीच गोष्ट जमत नसेल, तर गालापर्यंतच्या दोन-चार सुट्या बटांवर समाधान माना. त्या नकोशा झाल्या तर चिमट्याने मागे घेता येतात. केसगळती किंवा त्वचेची तक्रार चालू असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा आणि फ्रिंज पुढच्या ऋतूवर ठेवा. आणि उत्तर ‘नको’ असेच आले, तरी काही बिघडत नाही. अंबाड्यातून निसटून कपाळावर येणाऱ्या चार कुरळ्या बटा तुमच्यापाशी आहेतच. त्यांना पाणी लावून मागे चापून बसवू नका, एवढेच.