लाईट गेली तरी टाकी सांडू नये म्हणून

घरात 400 लिटरची शोभेच्या माशांची टाकी लावताय? पाणी तासाला 4-5 वेळा फिल्टरमधून फिरावं, असा हिशोब आम्ही धरतो. म्हणजे तासाला 1600 ते 2000 लिटर. पंपाच्या डब्यावरचा आकडा मात्र पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. फिल्टरची टाकी खाली ठेवणार असाल तर पंप जरा मोठाच घ्या.

खरी परीक्षा लाईट गेल्यावर. पंप थांबला की वर पाणी सोडणाऱ्या पाईपातूनच ते उलटं खाली ओढलं जातं, खालची टाकी भरते आणि घरभर पाणी. म्हणून त्या पाईपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली बारीक भोक पाडा. हवा शिरली की ओढ तुटते. भोकात शेवाळ साचू देऊ नका. तोवर उतरणाऱ्या पाण्यापुरती जागा खाली मोकळी ठेवा.

मासे सोडण्याआधी एकदा मुद्दाम स्विच बंद करून बघाच.