स्पोर्ट्स कार अलाइनमेंटला देताना

मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट बाजारापासून लालबाग-परळच्या गॅरेजांपर्यंत पर्याय बरेच. पण आधी एवढं विचारा :

● रॅम्प : बंपर जमिनीलगत असतो, चढताना घासणार नाही ना?

● पूर्वतयारी : टायरमधली हवा कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी हवी. बुश किंवा बॉल जॉइंट ढिले असतील, तर अलाइनमेंट टिकत नाही.

● चारही चाकं : आधी मागची, मग पुढची. ‘टो’बरोबर (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) कॅम्बरही (चाकांचा उभा कल) मोजून घ्या.

● प्रिंट : आधीचे-नंतरचे आकडे मागा. मशीनवर मॉडेल तुमचंच निवडलंय ना, तेही पाहा.

● चाचणी : सपाट, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध हवं. वेगात थरथरलं, तर बॅलन्सिंग तपासा.

● पुन्हा कधी : खड्ड्यात जोरात आदळल्यावर किंवा टायर एकाच कडेने झिजू लागल्यावर.