कुणी कुणाकडे पाहायचं?

जहांगीर बादशहाचं एक प्रसिद्ध चित्र आहे. बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. गंमत म्हणजे हा हबशी सेनानी त्याच्या हाती कधी लागलाच नाही. १६२६ मध्ये म्हातारा होऊन वारला. कबर खुलताबादला आहे. रणांगणात जमलं नाही ते जहांगीरानं चित्रकार अबुल हसनच्या कुंचल्याकडून करवून घेतलं!

कृष्णवर्णीय माणसाची प्रतिमा अशी दुसऱ्याच्याच हाती. पुढे कॅमेरा आला, तोही बहुतेक गोऱ्यांच्या हाती. गोरा छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्पच्या १९८६ च्या ‘ब्लॅक बुक’मधले कृष्णवर्णीय पुरुष पाहा. अप्रतिम छायाप्रकाश, पण माणसं पुतळ्यांसारखी, नुसती बघून घेण्यासाठी.

तोच कॅमेरा कृष्णवर्णीय समलिंगी कलावंताच्या हाती आला तर? आयझॅक ज्युलियन हा ब्रिटिश कलावंत तसा. त्याची ‘वन्स अगेन... (स्टॅच्यूज नेव्हर डाय)’ ही कलाकृती २०२३ च्या शारजा बिएनाले या कलाप्रदर्शनात होती. विषय अलेन लॉक: १९०७ मध्ये निवडला गेलेला पहिला आफ्रिकी-अमेरिकी ऱ्होड्स स्कॉलर, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या कृष्णवर्णीय कलाबहराचा तत्त्वचिंतक, आणि समलिंगी. कडक सुटाबुटातला लॉक आफ्रिकी शिल्पांमधून हिंडतो, श्रीमंत गोरा संग्राहक अल्बर्ट बार्न्सशी वाद घालतो. शिल्पकार रिचमंड बार्थेबद्दलची ओढही लपत नाही.

खरी करामत मांडणीत आहे. कृष्णधवल चित्रपट एकच, पडदे मात्र पाच. एकावर लॉकचा चेहरा, तर त्याच वेळी दुसऱ्यावर आणखी काही. भिंतीवरचा फोटो आपण एका नजरेत आटोपतो. इथे मान वळवावी लागते, आणि वळवली की मागचा पडदा निसटतो. सगळा माणूस एकदम आपल्या ताब्यात येतच नाही. लॉक बघतो, बार्थे बघतो, आफ्रिकी मुखवटेसुद्धा बघत असल्यासारखे वाटतात. बघून घेण्याची आपली सवयच मोडते. पोर्ट्रेटमध्ये एवढी उलथापालथ करता येते, हे मला तरी थक्क करतं.

आणि हे कुठे, तर जिथे समलिंगी संबंध कायद्यानं गुन्हा आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत! जून २०२२ मध्ये तिथे ‘लाइटइयर’ या पिक्सारच्या चित्रपटावर बंदी आली होती. त्यात दोन स्त्रियांचं ओझरतं चुंबन होतं. शारजाचं प्रदर्शन त्यानंतर जेमतेम आठ महिन्यांनी भरलं. त्याची कल्पना नायजेरियात जन्मलेले क्युरेटर ओक्वुई एन्वेझर यांची. ते २०१९ मध्ये वारले, आणि शारजाच्याच हूर अल कासिमी यांनी ते तडीस नेलं.